सौजन्यावर उभी असलेली यंत्रे : वैयक्तिक संगणकातील मल्टिटास्किंगची कथा

#धागा #संगणकाचा_इतिहास

१/२६
२० डिसेंबर १९९६. अ‍ॅपल कंपनीने त्या दिवशी 'नेक्स्ट' ही आकाराने कितीतरी लहान असलेली कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात खुद्द अ‍ॅपलला ८१.६ कोटी डॉलरचा तोटा झाला होता. अशा अवस्थेत एवढी रक्कम मोजण्याचे मुख्य कारण एकच होते. वैयक्तिक संगणकाचा चेहरामोहरा बदलणाऱ्या या कंपनीला स्वतःच्याच संगणकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम काही केल्या तयार करता येत नव्हती.

२/२६
या अपयशाच्या मुळाशी वरकरणी अगदी साधा वाटणारा एक प्रश्न होता. संगणकात प्रोसेसर एक आणि काम मागणारे प्रोग्राम अनेक. मग चालू प्रोग्रामची पाळी संपवायची कोणी? त्या प्रोग्रामने स्वतःहून, की त्याच्यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने? १९८० च्या दशकातील मॅकिंटॉश आणि विंडोज या दोन्ही प्रमुख प्रणालींनी पहिले उत्तर निवडले. त्यामागे सबळ कारणे होती. ते उत्तर सोडून देताना मात्र दोन बलाढ्य कंपन्यांची कित्येक वर्षे खर्ची पडली. त्या निवडीची आणि तिच्या परतफेडीची ही कथा.

३/२६
सभागृहात ध्वनिक्षेपक एकच आहे आणि बोलणारे दहा जण आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येकाने थोडक्यात बोलून ध्वनिक्षेपक पुढच्याच्या हाती द्यावा, एवढाच संकेत. सगळे समंजस असतील तर सभा सुरेख पार पडते. पण 'दोन शब्द' बोलण्यासाठी उठलेला एखादा वक्ता अर्धा तास थांबलाच नाही, तर अध्यक्षांसह सगळ्यांना हतबलपणे ऐकत बसावे लागते. त्याच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. संगणकशास्त्रात याला 'को-ऑपरेटिव्ह', म्हणजे सहकारी मल्टिटास्किंग म्हणतात.

४/२६
वक्तृत्व स्पर्धेचा नियम वेगळा असतो. तेथे वेळनियंत्रक बसलेला असतो. वेळ संपली की घंटा होते आणि वक्त्याला थांबावेच लागते. ही 'प्रीएम्प्टिव्ह', म्हणजे हस्तक्षेपी पद्धत. संगणकात घंटेचे काम टायमर करतो. ठरावीक कालांतराने तो प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावून ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळवतो. ती थांबलेल्या प्रोग्रामची सगळी स्थिती टिपून ठेवते, दुसऱ्याला पाळी देते आणि पुढे पहिल्याला नेमके तेथूनच सुरू करते. वक्त्याला अर्ध्या शब्दावर थांबवावे, नंतर त्याच अर्ध्या शब्दापासून बोलू द्यावे आणि मध्ये खंड पडल्याचे त्याला कळूही नये, असा हा प्रकार.

५/२६
यातील दुसरी पद्धत नंतर सुचलेली सुधारणा होती, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट आहे. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्येच 'सीटीएसएस' ही वेळेची वाटणी करणारी प्रणाली आयबीएमच्या ७०९ या संगणकावर चालवून दाखवली होती. अनेक माणसे वेगवेगळ्या टर्मिनलांवर बसत आणि प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्याच सेवेत असल्याचा भास होई. पाळी संपवण्याचा अधिकार अर्थातच यंत्रणेकडे होता.

६/२६
कारण उघड होते. ते यंत्र लक्षावधी डॉलरचे होते आणि त्यावर बसणारी माणसे एकमेकांना परकी होती. एकाच्या चुकलेल्या प्रोग्रामने बाकीच्यांचे काम खोळंबणे कोणालाच परवडणारे नव्हते. पुढे मल्टिक्स आली आणि १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स घडली. तेथेही तत्त्व हेच होते. म्हणजे १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा हस्तक्षेपी पद्धत दोन दशकांहून अधिक काळ वापरात होती. वैयक्तिक संगणकांनी ती अज्ञानामुळे नाकारली नाही.

७/२६
मग नाकारली कशामुळे? २४ जानेवारी १९८४ रोजी सादर झालेल्या मॅकिंटॉशकडे पाहिले की उत्तराचा एक भाग मिळतो. किंमत २,४९५ डॉलर, मेमरी अवघी १२८ किलोबाइट. त्यातील जवळपास २२ किलोबाइट केवळ पडद्यावरचे चित्र साठवण्यात जात. अ‍ॅपलच्याच आधीच्या लिसा या संगणकात १ मेगाबाइट मेमरी होती आणि अनेक प्रोग्राम एकत्र चालवण्याची सोयही होती, पण त्याची किंमत ९,९९५ डॉलर होती. मॅकिंटॉश स्वस्त व्हावा म्हणून जे जे गाळले गेले, त्यात ही सोयही गेली. एका वेळी एक माणूस आणि एक प्रोग्राम, हे त्याचे सूत्र ठरले.

८/२६
तरीही एक पळवाट ठेवलेली होती. कॅल्क्युलेटर, घड्याळ, टिपणवही अशी छोटी 'डेस्क अ‍ॅक्सेसरीज' मुख्य प्रोग्राम चालू असतानाही उघडता येत. त्यांना चालण्यापुरता वेळ देण्याची जबाबदारी मुख्य प्रोग्रामवर होती. त्याने अधूनमधून यंत्रणेला हाक मारायची आणि यंत्रणेने त्या फटीत घड्याळाचा काटा पुढे सरकवायचा. त्याने हाक मारली नाही, तर घड्याळ थांबे. पुढे सतरा वर्षे टिकलेल्या व्यवस्थेचे बीज या किरकोळ सोयीत होते.

९/२६
लवकरच ५१२ किलोबाइट मेमरी असलेला मॅकिंटॉश आला आणि एकाच वेळी दोन-तीन प्रोग्राम मेमरीत ठेवण्याइतकी जागा झाली. मूळ मॅकिंटॉश घडवणाऱ्यांपैकी एक, अँडी हर्ट्झफेल्ड, तोवर अ‍ॅपल सोडून गेले होते. १९८५ मध्ये त्यांचा 'स्विचर' हा प्रोग्राम आला. त्याच्या मदतीने वापरकर्ता एका प्रोग्राममधून दुसऱ्यात क्षणात जाऊ शके. स्विचर अ‍ॅपलने विकत घेतला. १९८७ मध्ये 'मल्टिफाइंडर' आला आणि अनेक प्रोग्रामच्या खिडक्या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसू लागल्या.

१०/२६
मल्टिफाइंडरची युक्ती हुशारीची होती. मॅकिंटॉशचा प्रत्येक प्रोग्राम एका फेऱ्यात चालत असे. "माझ्यासाठी काही नवे घडले का? माउस हलला का? कळ दाबली गेली का?" असे तो यंत्रणेला पुन्हा पुन्हा विचारी. या प्रश्नाच्या क्षणी तो तसाही रिकामाच असे. तोच क्षण साधून यंत्रणा पाळी दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवू लागली. त्यामुळे आधीच लिहिलेले असंख्य प्रोग्राम फारसा बदल न करता एकत्र नांदू लागले. मर्यादित साधनांत याहून काटकसरीचा मार्ग सापडणे अवघड होते.

११/२६
मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेने गेली. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेली विंडोजची पहिली आवृत्ती २५६ किलोबाइट मेमरीवर चाले. पहिल्या आयबीएम पीसीतील इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीपासून दूर ठेवणारी भिंतच नव्हती. विंडोजचा प्रोग्रामही यंत्रणेकडे पुढचा संदेश मागे आणि पाळी बदले ती तेवढ्याच क्षणी. १९९० च्या विंडोज ३.० पर्यंत आणि १९९२ च्या ३.१ पर्यंत हीच व्यवस्था राहिली. आता तिच्यावर लक्षावधी लोकांचे रोजचे काम अवलंबून होते.

१२/२६
या व्यवस्थेचा अनुभव त्या पिढीला वाळूच्या घड्याळाच्या रूपाने परिचित आहे. एखाद्या प्रोग्रामने मोठी आकडेमोड सुरू केली किंवा तो एखाद्या फेऱ्यात अडकला, की बाणाच्या जागी वाळूचे घड्याळ येई आणि शेजारच्या खिडक्याही गोठत. मॅकिंटॉशवर तर एखादा मेनू उघडून माउसचे बटण नुसते दाबून धरले, तरी मागे चाललेली कामे थांबत. यंत्र बिघडलेले नसे. ध्वनिक्षेपक एकाच्या हातात अडकलेला असे, एवढेच.

१३/२६
आणि तरीही ही पद्धत केवळ गरिबीची तडजोड नव्हती. तिचे दोन खरे गुण होते. पहिला वेगाचा : पाळी वारंवार बदलण्याचा खर्च वाचे. नोव्हेलची नेटवेअर ही कार्यालयीन जाळ्यांसाठीची प्रणाली याच कारणाने हस्तक्षेपाशिवाय चाले आणि वेगासाठी नावाजली गेली. दुसरा गुण साधेपणाचा : आपण स्वतः सोडेपर्यंत दुसरा कोणताही प्रोग्राम मध्ये येणार नाही, ही खात्री असल्याने प्रोग्राम लिहिणाऱ्याला सामायिक वस्तूंवर कुलपे लावण्याची गरज नसे. पुढे सापळा ठरली ती हीच खात्री.

१४/२६
लहान यंत्रांवर हस्तक्षेपी पद्धत अशक्यच होती, असेही नाही. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीने मॅकिंटॉशच्या काही दिवस आधी जाहीर केलेल्या 'क्यूएल' या संगणकात १२८ किलोबाइट मेमरीवर ती होती. जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे सादर झालेला कमोडोरचा अमिगा तर मॅकिंटॉशचाच मोटोरोला ६८००० प्रोसेसर वापरत होता. २५६ किलोबाइट मेमरीवर, कार्ल सासेनराथ यांनी रचलेल्या गाभ्याच्या बळावर, तो अनेक प्रोग्राम सहज एकत्र चालवी. फरक असा की अमिगाने ही पद्धत पहिल्या दिवसापासून गृहीत धरली होती. मॅकिंटॉशला ती नंतर जोडायची होती.

१५/२६
पण अमिगाचाही पाय दुसरीकडे अडकला. पाळी सक्तीने बदलणे ही एक गोष्ट आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करू नये म्हणून भिंत घालणे ही दुसरी. अमिगात भिंत नव्हती. तेथील प्रोग्राम एकमेकांना संदेश देताना मजकुराची प्रत न देता तो मेमरीत कोठे आहे याचा पत्ता देत. त्यामुळे वेग मिळे, पण सगळी मेमरी सगळ्यांना खुली असणे अनिवार्य होऊन बसले. भिंत नंतर उभारली, तर जुने प्रोग्राम कोलमडणार होते. १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत निघाली, तोवर ती उभी राहिली नव्हती.

१६/२६
मॅकिंटॉशची अडचणही याच जातीची होती. पडद्यावर रेघ ओढणे, खिडकी उघडणे, मेनू दाखवणे यांसाठी सगळे प्रोग्राम एकच सामायिक संच वापरत. सध्या कोणत्या खिडकीत चित्र काढले जात आहे, यासारख्या नोंदी हा संच मेमरीतील ठरलेल्या जागी ठेवी. एका प्रोग्रामला रेघेच्या मध्यावर थांबवून दुसऱ्याला तोच संच वापरू दिला, तर पहिल्याच्या नोंदी पुसल्या जाणार. शिवाय अनेक प्रोग्राम त्या नोंदी परस्पर वाचत आणि बदलतही. थोडक्यात, नुसती घंटा बसवून भागणार नव्हते. मध्ये कोणी येणार नाही, या गृहीतकावर हजारो प्रोग्राम उभे होते आणि ग्राहक संगणक घेत ते त्याच प्रोग्रामसाठी.

१७/२६
विंडोजच्या बाबतीत या कोंडीने एक विलक्षण विसंगती निर्माण केली. इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या प्रोग्रामसाठी आभासी यंत्रे निर्माण करण्याची सोय होती. तिचा उपयोग करून विंडोज ३ जुन्या डॉस प्रोग्रामांना वेगवेगळ्या आभासी यंत्रांत ठेवी आणि त्यांच्यात हस्तक्षेपी पद्धतीने वेळ वाटी. वाटून घेणे ज्यांना ठाऊकच नव्हते, त्या डॉस प्रोग्रामांना शिस्तशीर पाळी मिळे. खास विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम मात्र सगळे मिळून एकाच आभासी यंत्रात एकमेकांच्या सौजन्यावर चालत. ज्यांच्याकडून सौजन्याची अपेक्षाच करता येत नव्हती, तेथे सक्ती आधी आली.

१८/२६
आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८७ मध्ये संयुक्तपणे आणलेली ओएस/२ ही प्रणाली पहिल्यापासून हस्तक्षेपी होती. पण तिला लागणारी मेमरी महाग होती आणि पहिल्या आवृत्त्यांत एका वेळी एकच डॉस प्रोग्राम चाले. त्यातही एक छिद्र राहून गेले. कळफलक आणि माउस यांच्याकडून येणारे सगळे संदेश एकाच रांगेतून जात. रांगेच्या तोंडाशी असलेल्या प्रोग्रामने आपला संदेश उचलला नाही, की पाठीमागची सगळी रांग तुंबे. प्रोसेसर आपले काम निर्वेधपणे करीत असे, पण पडद्यासमोरच्या माणसाला यंत्र गोठलेलेच दिसे.

१९/२६
यानंतर मायक्रोसॉफ्टने दोन समांतर मार्ग धरले. पहिला नव्या पायाचा. डेक कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये बाजारात आली. पाळीची सक्ती आणि मेमरीची भिंत, दोन्ही तिच्यात होते. पण तिला किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे, जी तेव्हाच्या सामान्य घरगुती संगणकात नसे. दुसरा मार्ग डागडुजीचा : ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५. ती ४ मेगाबाइटवरही चाले आणि जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालवी.

२०/२६
विंडोज ९५ मध्ये नव्या, ३२ बिटी प्रोग्रामांची पाळी यंत्रणा संपवी. जुने, १६ बिटी प्रोग्राम मात्र आपापसांत पूर्वीच्याच सहकारी रीतीने चालत. दोघांनाही खिडक्या आणि चित्रे यांसाठी बराचसा जुनाच संच वापरावा लागे आणि त्या संचात एका वेळी एकानेच शिरावे म्हणून त्याच्या दाराला एक कुलूप बसवले होते. जुना प्रोग्राम ते कुलूप धरून अडकला, तर नवे प्रोग्रामही दाराशी खोळंबत. अव्वल प्रतीचे काम हे नव्हते, पण त्याने वेळ मिळवून दिला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये घरगुती वापरकर्ताही एनटीच्या पायावर आला.

२१/२६
अ‍ॅपलकडे असा दुसरा, तयार पाया नव्हता. १९८० च्या दशकाअखेरीस सुरू झालेला 'पिंक' हा प्रकल्प आयबीएमबरोबरच्या 'टॅलिजंट' या भागीदारीत गेला आणि त्यातून मॅकिंटॉशला काही मिळाले नाही. मार्च १९९४ मध्ये अ‍ॅपलने 'कोपलँड' या नव्या प्रणालीची घोषणा केली. अपेक्षा प्रचंड होत्या. नवा गाभा, नवे रूप, जुन्या प्रोग्रामांना संपूर्ण अभय आणि आधुनिक मल्टिटास्किंग, हे सारे एकाच प्रणालीत हवे होते. या मागण्या परस्परांना छेद देणाऱ्या होत्या.

२२/२६
कोपलँडच्या आराखड्यातच हा पेच दिसतो. पडद्यामागची कामे हस्तक्षेपी पद्धतीने चालणार होती. पण ज्यांना खिडक्या आणि मेनू असतात, ते प्रोग्राम एकाच सामायिक जागेत, पुन्हा सहकारी पद्धतीनेच राहणार होते. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतरही एका प्रोग्रामने दुसऱ्याला रोखून धरण्याची शक्यता उरलीच. काम लांबत गेले आणि नव्या कल्पनांची भर पडत राहिली. १९९६ च्या उन्हाळ्यात अ‍ॅपलमध्ये आलेल्या एलन हँकॉक यांनी परिस्थितीचा आढावा घेतला. ऑगस्ट १९९६ मध्ये कोपलँड गुंडाळण्यात आला आणि नवी प्रणाली बाहेरून आणण्याचा विचार सुरू झाला.

२३/२६
अ‍ॅपलसमोर मुख्यतः दोन पर्याय होते. एक, अ‍ॅपलचेच माजी अधिकारी जाँ-लुई गासे यांच्या 'बी' कंपनीची प्रणाली. दुसरा, १९८५ मध्ये अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्स यांच्या 'नेक्स्ट'ची. तेव्हाचे प्रमुख गिल अमेलिओ यांनी दुसरा निवडला. नेक्स्टची प्रणाली १९८९ पासून बाजारात होती आणि माख गाभा व युनिक्सची बर्कली परंपरा यांवर उभी होती. कॉर्बातो यांच्या पिढीने परक्यांच्या गर्दीसाठी घालून दिलेले नियम या परंपरेने जपले होते. स्वस्त होण्यासाठी वैयक्तिक संगणकाने जे गाळले, तेच आता त्याला विकत घ्यावे लागले.

२४/२६
पण विकत घेऊनही प्रश्न लगेच सुटला नाही. सर्व प्रोग्राम नव्या पद्धतीने पुन्हा लिहावेत, ही अ‍ॅपलची पहिली सूचना मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मनावर घेतली नाही. मग १९९८ मध्ये 'कार्बन' आले. जुन्या संचातील सक्तीच्या पाळीत टिकू शकतील अशा आज्ञा ठेवून बाकीच्या त्यात गाळल्या होत्या, त्यामुळे प्रोग्राम थोड्या डागडुजीने नव्या प्रणालीवर आणता येत. २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस १० ग्राहकांच्या हाती पडली. न बदललेल्या प्रोग्रामांसाठी तिच्यात 'क्लासिक' नावाचा कप्पा होता. त्यात संपूर्ण जुनी प्रणाली नव्या प्रणालीतील एक सामान्य प्रोग्राम म्हणून चाले. कप्प्याच्या आत जुने सौजन्य जसेच्या तसे होते. तो गोठला तरी बाहेरच्यांचे काम अडत नसे. मे २००२ मध्ये जॉब्स यांनी विकासकांच्या मेळाव्यात व्यासपीठावर शवपेटी आणवून जुन्या मॅक ओएसचा लटका अंत्यविधीच केला.

२५/२६
बदल नेमका काय झाला, हे पडद्यावरच्या एका लहानशा खुणेत दिसते. जुन्या मॅकिंटॉशवरचे मनगटी घड्याळ आणि विंडोजवरचे वाळूचे घड्याळ प्रोग्राम स्वतः लावत असे : "मी कामात आहे, सर्वांनी थांबावे." मॅक ओएस १० मधील फिरते रंगीत चक्र यंत्रणा लावते : "हा प्रोग्राम उत्तर देत नाही, बाकीचे चालू आहेत." पहिल्यात कामात असलेला स्वतःच सूचना देतो, दुसऱ्यात त्याच्याविषयी इतरांना सूचना दिली जाते. सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे सांगायला एवढा फरक पुरेसा आहे.

२६/२६
सहकारी पद्धत मात्र संपली नाही. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट आजही एक काम पुरे झाल्याशिवाय दुसरे हाती घेत नाही आणि एखादे पान त्यामुळेच गोठते. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने वेगवेगळ्या पानांसाठी वेगळ्या प्रक्रिया वापरायला सुरुवात केली. पानाच्या आतली रीत बदलली नाही, पानांच्या मध्ये भिंत आली. नेक्स्टच्या पायावर घडलेल्या आयफोनमध्येही प्रत्येक अ‍ॅपचा मुख्य फेरा १९८४ च्या मॅकिंटॉशसारखाच पुढच्या घटनेची वाट पाहतो. एकाच हाताने लिहिलेल्या कामांत सौजन्य उत्तम चालते, कारण तेथे चूक करणारा आणि भोगणारा एकच असतो. १९८७ च्या मल्टिफाइंडरने तेच सौजन्य एकमेकांना न ओळखणाऱ्या प्रोग्रामांकडून मागितले. तेव्हा त्याला पर्याय नव्हता; पण त्या मागणीवर एकेक प्रोग्राम रचला जात गेला आणि ती मागे घेण्याचा खर्च दरवर्षी वाढत गेला. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने तो चुकता केला.

(धागा समाप्त)